टीम हरली! मग आता काढायचं कोणाला?

सीझन वाया गेला की पहिला प्रश्न असतो, ‘कोणाला हाकलायचं?’ मुंबई इंडियन्सला दोनदा हाच प्रश्न पडला. आमच्या भंडारदऱ्याच्या टेनिस बॉल टीमला यंदा पडला. आणि उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली.

“ताई, तू एवढं पत्रकारितेचं शिकते ना, मग सांग. दादाला काढायचं का ठेवायचं?”

शेंडीत चहाच्या टपरीसमोर नऊ जणांनी मला घेरलं होतं. दिवाळी झालेली, भात कापून झालेला, धरणावरून बोचरा वारा सुटलेला. म्हणजे आमच्याकडे टेनिस क्रिकेटचा सीझन सुरू. गावोगावी मंडळं स्पर्धा ठेवतात. सहा-सहा ओव्हरची मॅच, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री, आणि ढाल जिंकली की ट्रॅक्टरवरून मिरवणूक. आमच्या टीमची मिरवणूक तीन वर्षांत निघालेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मला का विचारतायत? तर मी या टीमची स्कोअरर आहे. अकरावीत असताना एकदा स्कोअर लिहायला कोणी नव्हतं म्हणून बसले, ती बसलेच. गेल्या तीन वर्षांच्या प्रत्येक मॅचचा प्रत्येक बॉल माझ्या निळ्या वहीत आहे. आणि ज्याला काढायचं की नाही हे ठरवायचं होतं, तो आमचा कॅप्टन, ओपनर आणि टीम निवडणारा माणूस माझा सख्खा चुलतभाऊ आहे. वय चौतीस. सीझनला टेंट लावतो, पर्यटकांना कळसूबाईवर नेतो, आणि आमच्या घरात त्याच्या शब्दाबाहेर सहसा कोणी जात नाही.

“मला दोन दिवस द्या,” असं म्हणून मी तिथून सटकले.

अमेरिकेत यासाठी पगार मिळतो

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ‘जनरल मॅनेजर’ नावाचं एक पद असतं. तो मैदानात उतरत नाही. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला दुसऱ्या टीमला देऊन टाकायचं, कोणाशी किती वर्षांचा करार करायचा, हे सगळं तो ठरवतो. टीम हरली की लोक आधी त्याच्या नावाने बोटं मोडतात. ‘मनीबॉल’ सिनेमात ब्रॅड पिटने ज्याचं काम केलंय, तो बिली बीन असाच जनरल मॅनेजर. २००१ नंतर ओकलंड टीमचे मोठे खेळाडू श्रीमंत टीम्सनी नेले. बीनने आकडेवारी बघून स्वस्तातले, कोणाला नको असलेले खेळाडू गोळा केले. २००२ मध्ये त्याच टीमने सलग २० मॅच जिंकल्या आणि सीझनमध्ये एकूण १०३.

दुसरं उदाहरण ह्यूस्टनचं. जेफ लूनो तिथे २०११ च्या डिसेंबरमध्ये जनरल मॅनेजर झाला. २०१२ मध्ये टीम १०७ मॅच हरली. २०१३ मध्ये १११! आपल्याकडे असं झालं असतं तर पुतळे जळाले असते. पण तिकडे खालच्या टीमला नव्या, तरुण खेळाडूंमधून आधी निवड करायचा हक्क मिळायचा. म्हणजे आज हरा आणि उद्यासाठी साठवा, असा तो हिशोब होता. २०१७ मध्ये ह्यूस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. मग लूनो हुशार ठरला? थांबा. पुढे उघडकीला आलं की त्या सीझनमध्ये टीमने कॅमेरा लावून समोरच्या टीमच्या खुणा चोरल्या होत्या. २०२० च्या जानेवारीत लूनोची नोकरी गेली.

एकाच माणसाबद्दल लोकांनी सात-आठ वर्षांत तीन निकाल दिले. मूर्ख, मग जीनियस, मग बदनाम. नुसता टेबलातला नंबर बघून माणसाची परीक्षा करायची म्हटलं की असंच होतं.

आपला जनरल मॅनेजर कोण?

आयपीएलमध्ये या नावाचं पद सहसा नसतं. मालक असतात, हेड कोच असतो, होतकरू मुलं हेरणारे स्काउट असतात, आणि कधी ‘डायरेक्टर ऑफ क्रिकेट ऑपरेशन्स’ असतो. मुंबई इंडियन्सने २०१८ च्या डिसेंबरमध्ये हे पद दिलं झहीर खानला. म्हणजे आपल्याच नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या माणसाला. त्यानंतर मुंबईने २०१९ आणि २०२० अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली. आधीची २०१३, २०१५, २०१७ धरून एकूण पाच.

आणि मग घसरगुंडी. २०२१ ला पाचवा नंबर. २०२२ ला दहा टीम्समध्ये दहावा. पहिल्या सलग आठ मॅच हरले, चौदापैकी फक्त चार जिंकले. २०२३ ला चौथा. २०२४ ला पुन्हा दहावा, पुन्हा चारच विजय. २०२५ ला परत चौथा.

हे वाचून तुमच्या मनात एक तरी नाव आलं असेल ना, ज्याच्यामुळे सगळं बिघडलं? ते नाव जरा बाजूला ठेवा. आधी एक खेळ खेळू.

छापा की काटा?

त्या संध्याकाळी मी पोरांना दादाच्याच टेंटवर बोलावलं. दादा पर्यटकांना घेऊन रतनवाडीला गेला होता. नऊ पोरं आणि मी, असे दहा जण. आयपीएलमध्ये टीमही दहाच. प्रत्येकाने एक नाणं १४ वेळा उडवायचं. छापा म्हणजे जिंकलो, काटा म्हणजे हरलो.

इथे कोणी चांगला नाही, कोणी वाईट नाही. नाण्याला ना कोच ना कॅप्टन. तरीही एकाला दहा छापे पडले, आणि आमच्या विकेटकीपरला पडले चार. सगळे त्याच्यावर हसले. “कोच बदला याचा!” एकजण ओरडला. “याला लिलावात टाका!” दुसरा.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. बारावीला शिकलेलं कधीतरी उपयोगी पडतं. १४ वेळा नाणं उडवलं तर चार किंवा त्याहून कमी छापे पडायची शक्यता असते साधारण ९ टक्के. म्हणजे दहाच्या दहा टीम अगदी सारख्या ताकदीच्या असल्या, तरी दरवर्षी त्यातली जवळपास एक टीम केवळ नशिबाने चार मॅचवर अडकू शकते. आणि त्या एका टीमच्या कोचवर, कॅप्टनवर, मालकावर आपण दोन महिने मीम्स बनवतो.

बेसबॉलमध्ये एका टीमच्या १६२ मॅच होतात. तिथे १११ हरलात तर नशिबाला दोष देता येत नाही, टीम खरंच कमजोर असते. आयपीएलमध्ये मॅच फक्त १४. आणि आमच्या टीमच्या? तीन वर्षांत मिळून ११!

पण याचा अर्थ ‘सगळं नशीब, कोणाची चूकच नाही’ असाही घ्यायचा नाही. सलग आठ वेळा काटा पडायची शक्यता २५६ मध्ये एक. असं काही घडलं तर नाणं हातात घेऊन नीट बघायलाच हवं. टेबलातला नंबर आपल्याला फक्त सांगतो, की जाऊन बघा. काय बिघडलंय ते तिथे गेल्यावरच कळतं.

चला, जाऊन बघू

२०२२ चा मेगा लिलाव. प्रत्येक टीमला चारच खेळाडू ठेवायची परवानगी. मुंबईने रोहित शर्मा (१६ कोटी), जसप्रीत बुमराह (१२), सूर्यकुमार यादव (८) आणि कायरन पोलार्ड (६) यांना ठेवलं. ९० कोटींतून ४२ गेले, ४८ उरले. त्यात उरलेली अख्खी टीम उभी करायची होती.

त्या ४८ पैकी १५.२५ कोटी ईशान किशनवर, ८.२५ कोटी टिम डेव्हिडवर आणि ८ कोटी जोफ्रा आर्चरवर गेले. बेरीज करा, साडेएकतीस कोटी. जवळपास दोन तृतीयांश पैसा तीन माणसांवर. त्यातला आर्चर दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणारच नाही, हे लिलावाच्या दिवशीच माहीत होतं. पुढच्या वर्षांसाठी तो डाव होता. २०२३ मध्ये बुमराह आणि आर्चर दोन्हीकडून, अशी ती स्वप्नातली जोडी. प्रत्यक्षात २०२३ चा पूर्ण सीझन बुमराह दुखापतीमुळे बाहेर, आणि आर्चर पाच मॅच खेळून, दोन विकेट घेऊन परत गेला.

हा निर्णय चूक होता का? इथे मला दोन प्रश्न वेगळे करावेसे वाटतात. ‘काय झालं?’ हा एक. आणि ‘निर्णय घेताना काय माहीत होतं?’ हा दुसरा. बुमराहची पाठ दुखावणार, हे २०२२ च्या फेब्रुवारीत कोणाला माहीत नव्हतं. ते नशीब. पण आर्चर कोपराच्या दुखापतीतून येतोय हे माहीत होतं, आणि ट्रेंट बोल्ट हातातून गेलाय, राहुल चहर गेलाय, हेही माहीत होतं. बोलिंगची भिंत पडलेली असताना गच्चीवरच्या खोलीसाठी पैसे राखून ठेवले. ती चूक दुखापत झाली नसती तरी चूकच होती.

आणि त्याच लिलावातला दुसरा निर्णय बघा. तिलक वर्मा, १.७० कोटी. तेव्हा एकोणीस वर्षांचा. टीम दहावी आली त्याच सीझनमध्ये त्याने ३९७ रन केले. तळाला गेलेल्या टीमच्या यादीतसुद्धा पुढच्या पाच वर्षांचा खेळाडू असू शकतो. ‘सगळे हाकला’ म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही.

हार्दिकचं प्रकरण: एक निर्णय की तीन?

आता तुम्ही मघाशी बाजूला ठेवलेलं नाव काढूया. बहुतेकांच्या मनात ‘हार्दिक’ असणार, हो ना?

मुंबईने हार्दिक पंड्याला २०१५ च्या सीझनसाठी दहा लाखांत घेतलं होतं. २०२२ च्या आधी चारच ठेवायचे म्हणून तो सुटला. तेव्हा त्याच्या बोलिंगचाही भरवसा नव्हता. गुजरात टायटन्सने त्याला कॅप्टन केलं आणि पहिल्याच वर्षी, २०२२ ला, विजेतेपद मिळवलं. फायनलमध्ये त्यानेच १७ रन देऊन ३ विकेट काढल्या. पुढच्या वर्षी गुजरात उपविजेते.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईने त्याला १५ कोटींत परत आणलं. पैशांची सोय करायला साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बेंगळुरूला दिला. १५ डिसेंबरला जाहीर झालं की रोहितऐवजी हार्दिक कॅप्टन. मग काय झालं ते आपण सगळ्यांनीच बघितलं. घरच्या वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनची हुर्यो. हार्दिकचे सीझनमध्ये २१६ रन, ११ विकेट. टीम दहावी.

आपण या सगळ्याला ‘हार्दिकला आणायचा निर्णय’ असं एकच नाव देतो. पण हे तीन निर्णय आहेत.

पहिला, खेळाडू आणणं. अकराजणांत परदेशी फक्त चार चालतात. भारतीय आणि फास्ट बोलिंग टाकणारा ऑलराऊंडर शोधून सापडत नाही. परदेशी ग्रीन देऊन भारतीय हार्दिक घेतला, म्हणजे परदेशी खेळाडूची एक जागाही मोकळी झाली. कागदावर हा सौदा वाईट म्हणता येत नाही.

दुसरा, कॅप्टन बदलणं. पाच विजेतेपदं मिळवून देणारा कॅप्टन टीममध्येच असताना हा बदल करायचा, तर तो ड्रेसिंग रूमला आणि लोकांना पटवून द्यावा लागतो. ते काम कसं झालं, हे वानखेडेच्या आवाजाने सांगितलं.

तिसरा निर्णय कोणाच्या लक्षातच राहिला नाही. बुमराहच्या जोडीला बोलिंग कोण करणार? त्या लिलावात कोएट्झी ५ कोटी, तुषारा ४.८० कोटी, मदुशंका ४.६० कोटी असे तीन परदेशी फास्ट बोलर घेतले. मदुशंका दुखापतीने आलाच नाही. २७ मार्च २०२४ ला हैदराबादने मुंबईविरुद्ध २७७ ठोकले. त्या दिवशी क्वेना माफाका या सतरा वर्षांच्या पोराला आयपीएलमधली पहिलीच मॅच खेळवली, आणि त्याच्या चार ओव्हरमध्ये ६६ गेले. पूर्ण सीझनमध्ये बुमराहने २० विकेट घेतल्या, तेही ओव्हरला साडेसहाच्या आत रन देऊन. बाकीच्यांना मार पडत राहिला. तरी चर्चा कशाची? हार्दिकने रोहितला बाउंड्रीवर पाठवलं त्याची.

म्हणूनच २०२५ चं वर्ष मला महत्त्वाचं वाटतं. मुंबईने हार्दिकला काढलं नाही. रोहितलाही नाही. बुमराह, सूर्या, हार्दिक, रोहित, तिलक या पाचांवर १२० पैकी ७५ कोटी खर्च केले. उरलेल्या ४५ मधून ट्रेंट बोल्ट साडेबारा कोटी आणि दीपक चहर सव्वानऊ कोटी. जवळपास अर्धा पैसा नव्या बॉलच्या दोन बोलर्सवर. सँटनर दोन कोटींत. कोचच्या खुर्चीत महेला जयवर्धने परत. पहिल्या पाचपैकी चार मॅच हरले तेव्हा पुन्हा ओरड झाली. कोणी काही उखडून टाकलं नाही. बुमराह दुखापतीतून परतला आणि पुढच्या सहा मॅच सलग जिंकल्या. बोल्टच्या सीझनअखेर २२ विकेट, सूर्याचे ७१७ रन.

१ जूनची ती क्वालिफायर मला चांगली आठवते. आमच्याकडे तेव्हा काजव्यांचा सीझन. झाडं लुकलुकत असतात, पर्यटकांना मोबाइल बंद ठेवायला सांगायचं असतं. आणि आमची गाइड पोरं? टेंटमागे गोधडी डोक्यावर घेऊन मॅच बघतायत. अहमदाबादला पावसाने उशीर झाला, मॅच मध्यरात्रीनंतर संपली. श्रेयस अय्यरने ४१ बॉलमध्ये नाबाद ८७ मारले आणि मुंबईचं स्वप्न तिथेच संपलं. कोलकात्याने विजेतेपद मिळवून देणारा जो कॅप्टन आदल्याच वर्षी सोडला, तोच हा श्रेयस. जिंकल्यावरही चुकीची माणसं सुटतात बरं का. पुढच्या सीझनला कोलकाता आठवं आलं.

ठेवायचं तरी किती दिवस?

“म्हणजे हरलो तरी कोणाला काढायचंच नाही का?” आमच्या विकेटकीपरने विचारलं. नाण्याने हरल्यापासून तो जरा चिडलेला होता.

चेन्नईचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. २०२० ला चेन्नई सातवी आली. म्हाताऱ्यांची टीम म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली. त्यांनी जवळपास तीच माणसं ठेवली आणि २०२१ ला विजेतेपद घेतलं. सगळे म्हणाले, बघा, विश्वास म्हणतात तो हा! २०२५ ला तीच चेन्नई इतिहासात पहिल्यांदा दहावी आली. विजय किती? तेच, चार. विश्वास ठेवणं आणि झोपून राहणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मग माणूस संपलाय की नाही हे ओळखायचं कसं? आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेला विचारा. २०२२ मध्ये कोलकात्याकडून सात मॅचमध्ये १३३ रन. ‘टी-ट्वेंटीचा खेळाडूच नाही’ असा शिक्का बसला. पुढच्या लिलावात चेन्नईने त्याला ५० लाखांत, म्हणजे मूळ किमतीत, घेतलं. आणि त्याला काम बदलून दिलं. वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याने १९ बॉलमध्ये पन्नास मारले. २०२३ च्या सीझनमध्ये ३२६ रन, स्ट्राइक रेट १७२. चेन्नई चॅम्पियन. माणूस तोच होता. बदललं होतं ते त्याच्याकडून काय हवंय हे सांगणं.

आता निळी वही

एवढं सगळं बोलून झाल्यावर मला माझी वही उघडायची भीती वाटत होती. कारण समोर दादा होता. त्याच्याविरुद्ध काही निघालं तर सांगायची हिंमत नव्हती. बाजूने निघालं तर पोरं म्हणणार, भाऊ ना तुझा!

रात्रभर बसले. अकरा मॅच, तीन विजय, आठ पराभव. दादा चार वेळा पहिल्याच ओव्हरमध्ये आऊट. पोरांना तेच आठवत होतं. पण जिंकलेल्या तीनपैकी दोन मॅचमध्ये सगळ्यात जास्त रन दादाचेच. अकरा डावांवरून काही ठरत नाही हे नाण्याने शिकवलेलं होतंच.

मग मी हरलेल्या मॅचची शेवटची पानं बघत गेले आणि अंगावर काटा आला. आठपैकी पाच मॅचमध्ये शेवटची ओव्हर सुरू होताना आम्ही पुढे होतो. पाचही वेळा ती ओव्हर एकाच माणसाने टाकली. पाचही वेळा आम्ही हरलो. एकदा हरलो तर नशीब. दोनदाही चालेल. पण पाचव्या वेळी बॉल त्याच्याच हातात कोण देतंय?

दादा देत होता.

सकाळी तो टेंटच्या खुंट्या ठोकत होता. मी वही पुढे केली. म्हटलं, “दादा, बॅटिंगला तू पाहिजेच. पण टीम तू निवडू नको. आणि शेवटची ओव्हर कोणाला द्यायची, हे एकट्याने ठरवू नको.”

तो बराच वेळ काहीच बोलला नाही. हातातला हातोडा खाली ठेवला. पानं उलटली. मग म्हणाला, “त्याला बॉल द्यायला नको, हे मला कळायचं गं. पण टेम्पो त्याचा असतो. डिझेलचे पैसेबी घेत नाही. ओव्हर नाही दिली तर पुढच्या मॅचला जायचं कसं?”

मी गप्पच झाले. हे वहीत कुठेच नव्हतं. मी तीन वर्षं प्रत्येक बॉल लिहिला, पण टेम्पो लिहिला नाही. बाहेरून शिव्या घालताना आपल्याला टीमचा प्रत्येक आकडा माहीत असतो. आत बसलेल्याला कोणाचं मन राखायचंय, कोणाचे पैसे आहेत, कोणाला नाही म्हणता येत नाही, हे आपल्याला दिसत नाही. आयपीएलमध्येही लिलावाच्या टेबलावर बोर्ड कोण उचलतं ते टीव्हीवर दिसतं. निर्णय नेमका कोणाचा, मालकाचा, कोचचा की डायरेक्टरचा, हे दिसत नाही. म्हणून एकट्या झहीरला २०२० चा हार घालणं आणि २०२२ चे जोडे मारणं, दोन्ही मला आता अवघड वाटतं.

पण दादाला मी एक सांगितलं, आणि ते अजूनही बरोबर वाटतं. अडचण खरी होती, तर ती टीमला सांगायची होती. वर्गणी काढून डिझेल भरलं असतं. त्याने ती एकट्याच्या पोटात ठेवली आणि पाच मॅच गेल्या.

मग ठरलं काय?

टीममध्ये दादा राहिला. निवड आता तिघे मिळून करतात, आणि का निवडलं ते वहीत आधी लिहितात, मॅचच्या आधी. नंतर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, म्हणून ही अट माझी. प्रत्येक मॅचला प्रत्येकी पन्नास रुपये डिझेलचे. टेम्पोवाल्या भाऊला मी स्वतः जाऊन भेटले. तो तिसरी ओव्हर टाकेल, कारण तिसऱ्या ओव्हरमध्ये त्याचे आकडे खरंच चांगले आहेत. तो म्हणाला, “मला तरी कुठं शेवटची टाकायची हौस होती? दादा द्यायचा म्हणून टाकायचो.”

बघा! तीन वर्षं दोघं एकमेकांचं मन राखत हरत होते.

कॉलेजमध्येही आपण हेच करतो की. गॅदरिंग फसलं, सेक्रेटरी बदला. एकांकिका पहिल्या फेरीत बाद, दिग्दर्शक बदला. एका सेमिस्टरला मार्क कमी आले, की ‘लाइनच चुकली’ म्हणून मोकळे. कधीतरी बदल करावाच लागतो. पण त्याआधी शेवटची ओव्हर कोण टाकतंय आणि त्याला ती का मिळतेय, एवढं तरी बघावं.

गेल्या रविवारी नव्या पद्धतीने निवडलेली आमची टीम पहिली मॅच खेळली. शेवटची ओव्हर एका एकोणीस वर्षांच्या पोराने टाकली. यॉर्कर पडत होते. शेवटच्या बॉलला चार हवे होते, बॅटची कड लागली आणि बॉल कीपरच्या बाजूने बाउंड्रीला गेला.

हरलो.

टेम्पोत बसल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. रंधा मागे पडल्यावर आमचा विकेटकीपर माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता विचारणार, कोणाला काढायचं?

“ताई,” तो म्हणाला, “वही दे ना जरा. शेवटच्या ओव्हरला फिल्डिंग कशी लावली होती ते बघू.”